साक्ष आणि गवाही

भागवतनं मोबाईल केशरबाईच्या नाकाशी नेला आणि म्हणाला, "वैनी, उद्या चौकशीत तुमाला काई बोलायचं कामच न्हाई. तुमची साक्ष तर कवाच झालीय. हे बगा."

भागवत म्हणजे माळसोंडीच्या चर्च कौन्सिलचा अध्यक्ष. धंदा खत-बियाण्याचा, पण आपण मान हलवल्याशिवाय गावात काही पक्कं होत नाही असा त्याचा समज, आणि तो समज मोडायचे कष्ट आजवर कुणी घेतले नव्हते. केशरबाईनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि बघितलं. पडद्यावर प्रार्थनासभेचा मांडव होता, मागं झालर होती, आणि माईक धरून बारा वर्षांपूर्वीची केशरबाई उभी होती. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. ती सांगत होती, "माज्या लेकीला बाधा व्हती. फादरचा हात डोक्यावर आला की झटके द्यायची. फादरनं दर शुक्रवारी प्रार्थना केली, आन् आज बगा, लेकरू मेंढरावानी गरीब झालंय!"

"हालेलुया!" मांडव ओरडला.

भागवतनं तिथंच थांबवलं. "बास! ह्याच्यापुढं बोलायची कुणाची टाप हाय? आईच म्हणायलीय की फादरनं लेकीला बरं केलं. तुमी उद्या नुसत्या बसा. मी हे लावतो, साहेब लोक बगतील, च्या पिऊन जातील."

तो गेला. मेथी तशीच राहिली. केशरबाईला स्वतःचं बोलणं पाठ होतं, त्यात तिला नवं काही नव्हतं. नवं होतं ते बाजूला. माईकशेजारी बारा वर्षांची बबिता उभी होती आणि तिनं आईच्या पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. त्या दिवशी केशरबाईनं फक्त समोरची माणसं पाहिली होती. शेजारी उभ्या लेकीकडं तिची नजरच गेली नव्हती.

माळसोंडीतल्या बोलण्याची एक खोच बाहेरच्या माणसाला आधी सांगितलेली बरी. हे गाव जिंतूरवरून येलदरीच्या धरणाकडं जाताना आत वळलं की लागतं. इथं कोर्टात देतात ती गवाही. निजामाच्या अमलापासून तोच शब्द चालत आला. साक्ष वेगळी. साक्ष देवाची द्यायची, मांडवात, माईकवर. कुणाची कावीळ उतरली, कुणाचा नवरा दारूतून सुटला, कुणाची म्हैस सापडली. गवाहीत उलटतपासणी असते, साक्षीत हालेलुया असतो. साक्ष देणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही. आणि साक्ष द्यावी ती केशरबाईनंच, असं झरीपासून चारठाण्यापर्यंतची कॅथलिक माणसं मानायची.

मिशन आलं ते तिच्या आजेसासऱ्याच्या काळात. त्याआधी ह्या घरांना गावात कुणी "या, बसा" म्हटलेलं नव्हतं. पाणीसुद्धा वरून ओतायचे. मिशननं शाळा दिली, नाव दिलं, आणि फादर लोक घरात येऊन ह्यांच्या ताटात जेवले. बाकी सगळं विसरता येईल, पण आपल्या ताटात कुणी जेवलं हे माणूस विसरत नाही. म्हणून फादर बोनिफास जेव्हा केशरबाईच्या चुलीपाशी मांडी घालून बसले आणि पिठलं मागून घेतलं, तेव्हाच त्यांच्याबद्दलचा तिचा निकाल लागला. तिचा नवरा नागनाथ मिशनचा प्रचारक. लोकांना प्रार्थना शिकवायची, आजाऱ्याला भेटायचं, फादरच्या मागं मागं पिशवी धरून हिंडायचं. राहायला घरही मिशनच्याच आवारात. देव शेजारी राहायला आल्यासारखंच वाटायचं तिला.

चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की लेकरं रांगेनं फादरपुढं जायची. फादर एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायचे. ह्याला गावात "हात घेणं" म्हणत. परीक्षेआधी हात घे, तापात हात घे, नवा फ्रॉक घातला तरी हात घे. बबिता नाचत जायची. आणि मग एका पावसाळ्यात ती रांगेतून मागं सरली. "मला फादरचा हात नको," म्हणाली.

"कामून गं?"

"नको."

पुढच्या रविवारी केशरबाईनं ढकलून नेली, तर पोरगी थरथर कापायला लागली. तिला घरी आणून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं तर हंबरडा फोडला. आता एखाद्या दुसऱ्या घरच्या आईनं विचारलं असतं की, बाई, तुला ह्या माणसाची भीती का वाटते? पण केशरबाई वाढली होती ते ऐकत की, ज्याला बाहेरचं लागलेलं असतं त्याला पवित्र हात सोसत नाही, तो झटके देतो, रडतो. भगताचे अंगारे-धुपारे ह्या घरानं कधीच सोडले होते. ते ज्या समजुतीवर चालायचे ती मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्यानं गेली नव्हती. तिनं ताळा जुळवला. फादर पवित्र. पोरगी फादरला घाबरते. म्हणजे जे काही वाईट आहे ते पोरीत आहे.

आणि ती अभिमानानं सगळ्यांना सांगत सुटली, "आमी भगताकडं जाणारी माणसं न्हाईत. आमी फादरकडं न्हेणार."

तिनं नेलं. दर शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, दंडाला धरून नेलं. फादर म्हणाले, एकांतात प्रार्थना करावी लागेल, दार लावावं लागेल. केशरबाई पायरीवर बसून जपमाळ म्हणायची. तीही मनातल्या मनात नव्हे. तिनं घरात जपमाळ सुरू केली तर धरणावरच्या कोळ्यांनी जाळं टाकून आमेन म्हणावं, अशी लोक तिची थट्टा करायचे. बाधा मोठ्या आवाजाला भिते असं ऐकलं होतं, म्हणून ती त्या पायरीवर नेहमीपेक्षाही मोठ्यानं म्हणायची. मग हळूहळू बबिता गप झाली. झटके थांबले, रडणं थांबलं, खेळणंही थांबलं. केशरबाईनं त्यातली पहिली दोनच धरली आणि मांडवात साक्ष दिली.

त्या साक्षीनंतर फादर बोनिफासांचा शुक्रवार फुलला. झरीहून, जिंतूरहून आया पोरींना घेऊन यायला लागल्या. केशरबाई त्यांना पाणी द्यायची आणि पायरीवर आपल्या शेजारी बसवून घ्यायची.

पुढं फादरची बदली झाली. फादरांच्या बदल्या होतच असतात. बबिता नर्सिंग शिकली आणि संभाजीनगरच्या एका दवाखान्यात लागली. सणाला यायची, आली तरी चर्चला डोकं दुखतंय म्हणून जायची नाही. आणि मग ह्या वर्षी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भागवतनं एक फोटो टाकला. दूरच्या कुठल्याशा मिशनमध्ये मुलींचं नवं बोर्डिंग उघडलं होतं आणि त्याचे प्रमुख म्हणून फादर बोनिफास, केस पांढरे झालेले, लाल रिबिनी बांधलेल्या मुलींच्या मधोमध बसले होते. खाली पन्नास जणांनी हात जोडले होते. केशरबाईनंही जोडले होते. तिसऱ्या दिवशी बबिता बिशपसाहेबांपुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं.

गावाला कळलं तेव्हा गाव पेटलं, पण कुणावर, तर बबितावर. शहराची हवा लागली, म्हणाले. कुणीतरी भरवलं, म्हणाले. आधीच आपण मूठभर, लोक टपलेलेच आहेत, त्यात घरच्याच पोरीनं वेशीवर टांगलं. हे शेवटचं म्हणणं खोटंही नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागायचं. बिशपसाहेबांनी चौकशीला दोन माणसं पाठवायचं ठरवलं: बिशपहाऊसमधले एक मोठे फादर आणि वकिली शिकलेल्या एक सिस्टर. गोष्ट येऊन अडली एकाच ठिकाणी. पोरीचं म्हणणं होतं की शुक्रवारी बंद खोलीत हे घडलं. फादरचं म्हणणं होतं की मी कुठल्याच मुलीला दार लावून एकटीला भेटलो नाही. खरं काय ते पायरीवर बसणारी बाई सांगू शकत होती. ती बोलली नाही तर लेकीचा शब्द वाऱ्यावर जाणार होता आणि लाल रिबिनींच्या मधोमध तो माणूस तसाच बसून राहणार होता.

नागनाथनं त्यावर साधा तोडगा काढला होता. "आठवत न्हाई म्हण."

"आठवतंय की वो."

"अगं बारा वर्सं झाली. आठवत न्हाई म्हणलं तर त्यात खोटं ते काय? मिशनचं मीठ खाल्लंय आपण. घर मिशनचं हाय. उद्या निघा म्हणले तर ह्या वयात कुठं जायचं?"

"आन् लेक?"

नागनाथ चपला शोधायला लागला. मग म्हणाला, "मी न्हेलं व्हतं का तिला? तू न्हेलंस." बोलून झाल्यावर त्यालाही ते सोसलं नसावं. चपला घालून तो आजारी माणसांना भेटायला निघाला. त्या दिवशी गावात कुणीच आजारी नव्हतं.

केशरबाईला राग आला नाही. राग यायला आपण बरोबर असावं लागतं. तिला तर भागवतनं फोटो टाकल्यापासून, नव्हे त्याच्याही फार आधीपासून, त्या पायरीवरचं काहीतरी टोचत होतं. आणि ते काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भागवत येऊन गेला त्याच दुपारी, चौकशीच्या आदल्या दिवशी, बबिता आली. राहायला जिंतूरला मैत्रिणीकडं उतरली होती. घरी फक्त शाळेचा दाखला न्यायला आली, म्हणाली. केशरबाईनं चहा ठेवला. दाखल्याला किती वेळ लागतो? दाखला ठेवलेल्या कपाटासमोर दोघीही उगाच उभ्या राहिल्या.

"माय, उद्या तू काय सांगणार ते मी इचारायला आले न्हाई," बबिता म्हणाली.

"मला ठाऊक नव्हतं गं, बाळा. माज्या गळ्याची आन. मला ठाऊक असतं तर..."

"मला वाटायचं तुला ठाऊक हाय."

चहा उतू गेला. कुणी हात लावला नाही.

"तू भाईर बसून जपमाळ म्हणायचीस ना," बबिता शांतपणे सांगत होती, दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तशी. "मला आत समदं ऐकू यायचं. मी रडायले की तुजा आवाज अजून चढायचा. मला वाटायचं, मायला ठाऊक हाय. माजं रडणं लोकाला ऐकू जाऊ न्हाई म्हणून माय मोठ्यानं म्हणायलीय. म्हणून मंग मी रडायचंच सोडलं. म्हणलं, कशाला मायला तरास."

बबितानं गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला, दाखला पिशवीत घातला आणि दारातून म्हणाली, "तुला शिव्या द्यायला न्हाई सांगितलं. कुणाला तरी सांगायचं व्हतं." आणि गेली.

"कुणाला तरी." त्या शब्दापाशी केशरबाई संध्याकाळपर्यंत बसून होती. लेक आईला म्हणते, कुणाला तरी सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत माणूस मावेना. बबिताचं म्हणणं सिस्टरनी सकाळीच बाजूला घेऊन ऐकलं होतं, आणि बाकीच्यांनाही एकेकटं बोलवायचं त्यांच्या मनात होतं. पण भागवत अडून बसला. "लपूनछपून काई न्हाई. फादरची बेइज्जती चारचौघांत झाली, निवाडा बी चारचौघांत व्हऊ द्या." मोठे फादर थकलेले होते, त्यांनी मान हलवली. सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. बबिता शेजारच्या वर्गात बसली होती, मधलं दार उघडं होतं.

बायकांच्या बाजूला केशरबाईच्या अंगाला अंग लावून झरीची पार्वतीबाई बसली होती. शुक्रवारच्या त्या आयांमधली ही एक, तेव्हापासूनची मैत्रीण. सकाळच्या पहिल्या एस्.टी.नं ती फादरच्या बाजूनं बोलायला म्हणून आली होती, आणि पदराखालून केशरबाईच्या हातात सुपारीचं खांड सरकवत पुटपुटली, "भिऊ नको. देव बगायलाय."

केशरबाईच्या मनात आलं, त्याचीच तर भीती वाटायलीय.

भागवतनं भिंतीवर पडदा टांगला होता, उत्साह दांडगा. त्यानं व्हिडिओ लावला. आता ती भरल्या अंगाची केशरबाई भिंतीएवढी मोठी झाली. मेंढरावानी गरीब झालंय, ती म्हणाली. हालेलुया, मांडव म्हणाला, आणि खोलीतही दोघा-चौघांनी सवयीनं म्हटलं. मोठे फादर केशरबाईकडं वळले. "बाई, ही तुमचीच साक्ष ना?"

"व्हय."

"मग तुम्हाला आणखी काही सांगायचं नसेल तर..."

केशरबाई उठली. इतक्या वेळा इतक्या माणसांपुढं उभी राहिलेली बाई, पण आज हातात माईक नव्हता. शेवटच्या बाकावर नागनाथ खाली बघत होता.

"ती साक्ष व्हती, फादर. साक्षीत कुणी मला काई इचारलं न्हाई, मी बी मला इचारलं न्हाई. आता गवाही देते. तुमी इचारा."

खोलीत चुळबुळ झाली. भागवत म्हणाला, "वैनी, खाली बसा." सिस्टरनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, तो बसला. सिस्टरनी विचारलं, "मुलीला खोलीत कोण घेऊन जायचं?"

"मी. ती येत नव्हती. एकदा चौकटीला धरून बसली तर मी तिची बोटं सोडवली."

"खोलीत आणखी कोण असायचं?"

"कुणी न्हाई. फादर आन् ती."

"दार?"

"आतून कडी. मी पायरीवर असायची. दर शुक्रवारी."

"तुम्हाला कधी काही संशय आला?"

इथं नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तरी लेकीचं काम भागलं असतं. कडी लावल्याचं सांगून झालंच होतं. नाही म्हणून केशरबाई भोळी आई म्हणून खाली बसली असती आणि गावानंही उद्या-परवा तिला पदरात घेतलं असतं. तिनं शेजारच्या वर्गाच्या उघड्या दाराकडं पाहिलं. तिथून बबिताची फक्त चप्पल दिसत होती.

"आला," ती म्हणाली. "एकदा आतून काईतरी पडल्याचा आवाज आला. मंग लेकरू 'माय' म्हणल्यासारखं वाटलं. मी थांबले. हातातला मणी हातातच ऱ्हायला. दार ठोकावं असं आलं मनात. आन् मंग मी म्हणलं, बाधा जाताना आपटतीच. मी मलाच सांगितलं तसं. कुणी मला सांगितलं न्हाई. दार ठोकलं आन् आत खोटं निघालं तर फादर काय म्हणतील? आन् खरं निघालं तर मंग आमचं काय ऱ्हायलं? आमच्या ताटात जेवलेला माणूस व्हता त्यो. मी पुढच्या मण्याची नमो मारिया लय मोठ्यानं म्हणले. मला आत काय चाललंय ते ऐकू येऊ न्हाई इतकी मोठ्यानं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मपल्या लेकीला कायबी बाधा नव्हती. असली तर ती माजी व्हती."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. बाहेर कुणाचीतरी मोटारसायकल सुरू होईना, तेवढा आवाज येत राहिला. नागनाथनं तोंडावर टॉवेल घेतला होता. भागवत पुटपुटला, "दबाव टाकलाय कुणीतरी," पण ते त्याच्या स्वतःच्या बायकोनंही उचलून धरलं नाही. मोठे फादर टेबलाकडं बघत म्हणाले की आपण हे सगळं बिशपसाहेबांच्या कानावर घालू, ते योग्य तो विचार करतील. सिस्टर म्हणाल्या, "कानावर घालायचं तर घालूच. पण तेव्हा ती बारा वर्षांची होती, फादर. आता हे पोलिसांना सांगावंच लागतं. आजच जिंतूरला जायचं. आणि त्या बोर्डिंगला आत्ता फोन लावा." मोठ्या फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग फोन घेऊन ते व्हरांड्यात गेले.

झालं, असं कुणालाही वाटलं असतं. केशरबाईलाही क्षणभर वाटलं. छातीवरचा धोंडा उतरेल असं ऐकत आली होती ती आजवर; पापाची कबुली दिली की हलकं वाटतं, असं तिनंच कितीजणांना सांगितलं होतं. ती बसायला वळली आणि पार्वतीबाई तिच्याकडं बघत होती.

"केशर," पार्वतीबाई म्हणाली, "मी मपल्या अर्पिताला तुजं ऐकून आणलं व्हतं."

केशरबाई बसता बसता थांबली.

"अभ्यासात ध्यान न्हाई म्हणून आणलं व्हतं गं, दुसरं काई नव्हतं तिला. तू म्हणलीस, फादरचा हात घ्या, पोरगी मऊ व्हईल. आपुन दोघी पायरीवर बसून जपमाळ म्हणायचो. तू म्हणायचीस, अजून मोठ्यानं, पार्वती." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. "ती बी गप झाली व्हती. मी पेढे वाटले."

केशरबाईनं तिचा हात धरायला हात पुढं केला. पार्वतीबाईनं तो बाजूला सारला आणि कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढून अर्पिताला लावला. "नांदायलीय आता वसमतला. दोन लेकरं हायेत. मी आई, मी कोणत्या तोंडानं इचारू? तूच इचार. साक्ष तूच दिलतीस ना."

"बाई, थांबा, असं फोनवर विचारायचं नसतं," सिस्टर पुढं आल्या. पण तोवर घंटी जायला लागली होती, आणि मोबाईल केशरबाईच्या हातात होता. तिनं तो कानाला लावला आणि माणसांतून वाट काढत व्हरांड्याच्या टोकाला गेली. पार्वतीबाई तिच्या मागोमाग आली आणि दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली.

"हां माय, बोल की," पलीकडून आवाज आला. मागं कुठलंतरी लेकरू हसत होतं, कुकरची शिट्टी होत होती.

"अर्पिता, मी तुजी माय न्हाई. माळसोंडीची केशरमावशी हाय. बबिताची माय."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"फादर बोनिफासांची चौकशी चाललीय, बाळा. बबितानं सांगितलं काय झालं ते. तुला सांगायचं नसल तर नको सांगू, फोन ठेव. पण सांगितलंस तर तू जे म्हणशील ते मी खरं धरीन."

हसणारं लेकरू लांब गेलं. अर्पिता दुसऱ्या खोलीत गेली असावी. दार लावल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला, आणि केशरबाई थांबली, एक शब्द न बोलता.

"मावशी," अर्पिता हळूच म्हणाली, "माय हाय का तिथं जवळ?"

"हाय."

"तिला आत पाठवा आधी."

केशरबाईनं मान वर केली. पार्वतीबाई तिच्याच तोंडाकडं बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि ती भिंतीला हात लावत लावत आत गेली.